सुकाणूजवळची गळती दरवर्षी परत येते? आधी सुकाणू हलवून बघा

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला शिडाची होडी ठेवणाऱ्यांकडून एकच तक्रार वारंवार ऐकू येते. पावसाळा सरला, होडी पाण्यात उतरवली, काही रविवार छान गेले आणि मग मागच्या लॉकरमध्ये पाणी दिसायला लागलं. होडी बाहेर काढली, सुकाणूच्या शाफ्टभोवती (उभ्या दांड्याभोवती) सीलंट भरलं, परत उतरवली. थोडे दिवस कोरडं राहिलं. मग पुन्हा तेच. पुढच्या वर्षी सीलंटचा थर आणखी जाड.

सीलंटचा यात काही दोष नाही. सीलंट स्थिर जोडावर टिकतं, आणि इथे जोडच स्थिर नसतो. सुकाणूचा शाफ्ट दोन बुशांमध्ये, म्हणजे त्याला आधार देणाऱ्या कड्यांमध्ये, फिरतो. बुश झिजले की तो फिरता फिरता आडवाही हलायला लागतो. तो ज्या नळीतून जातो ती नळी त्याच्याबरोबर ओढली जाते, आणि नळी होडीच्या तळाला जिथे चिकटवलेली असते तिथला फायबरचा जोड प्रत्येक लाटेला किंचित उघडतो, मिटतो. अशा जागी कितीही महागडी ट्यूब आणून ओतली तरी ती सुटणारच. म्हणून क्रम असा ठेवा: पाणी नेमकं कुठून येतंय ते शोधा, मग सुकाणू किती हलतंय ते मोजा, झीज भरून काढा, आणि सील किंवा ग्लँडला (शाफ्टभोवती डोरी भरून पाणी अडवणाऱ्या जोडाला) हात सगळ्यात शेवटी लावा. बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतात आणि म्हणूनच दुखणं दरवर्षी उलटतं.

आधी तुमच्या होडीची रचना कोणती ते बघून घ्या. बॅटरी घेऊन मागच्या लॉकरमध्ये शिरा. काही होड्यांमध्ये फायबरची नळी तळापासून थेट कॉकपिटच्या (होडीत बसायच्या जागेच्या) फरशीपर्यंत जाते. अशा नळीत बाहेरच्या पातळीइतकं पाणी कायम उभं असतं आणि ते तसंच असायला हवं. तिथे खाली सील नसतो, त्याची गरजही नसते. दुसऱ्या प्रकारात नळी आखूड असते, पाण्याच्या पातळीच्या आसपास संपते आणि तिच्या तोंडाशी ग्लँड किंवा रबरी सील असतो. पहिल्या प्रकारात पाणी आलं तर संशय नळीवर आणि तिच्या जोडांवर घ्यायचा. दुसऱ्यात सीलवरही.

लांब नळीच्या होडीत आणखी एक प्रकार घडतो, त्याला बिघाड म्हणता येत नाही. चार-पाच माणसं मागे बसली, आउटबोर्ड (मागे लावलेलं इंजिन) जोरात चालवलं की होडी मागून खाली दबते, नळीतलं पाणी चढतं आणि वरच्या बुशाच्या फटीतून कॉकपिटमध्ये येतं. पाणी फक्त अशाच वेळी येत असेल आणि होडी नुसती उभी असताना आत कोरडी असेल, तर काहीही खोलू नका. दोन माणसं पुढे बसवा. वरच्या तोंडाला रबरी बूट (शाफ्टभोवतीचं लवचीक आवरण) चढवला तरी भागतं.

पाण्याचा माग

गळती शोधताना सगळ्यात जास्त फसवणूक होते ती उतारामुळे. पाणी येतं एकीकडून आणि साचतं भलतीकडेच. सुकाणूची नळी होडीत जवळजवळ सगळ्यात मागे असते, त्यामुळे मागच्या बाजूचं कुठलंही पाणी तिच्याच पायथ्याशी जमतं आणि आळ नळीवर येतो. लॉकरच्या झाकणाचं रबर, कॉकपिटमधून पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपांचे क्लिप, मागे चढायच्या शिडीचे बोल्ट, आउटबोर्डच्या ब्रॅकेटचे बोल्ट, एवढं आधी तपासून बाजूला काढा. समुद्रात होडी ठेवणारे आतल्या पाण्याची चव घेऊन पाऊस की समुद्र ते ओळखतात. आपल्याकडे धरणाचं पाणी गोड आणि पावसाचंही गोड, त्यामुळे तो मार्ग बंद.

त्याऐवजी टाल्कम पावडर वापरा. होडी पाण्यातच असू द्या. लॉकर पूर्ण कोरडं पुसून घ्या, नळीच्या पायथ्याभोवती आणि नळीच्या अंगावर पावडरीचा पातळ हात फिरवा, वर तोंडाशी कोरडा वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा. मग शेजारी बसून बघा. नळीच्या जोडातून पाणी येत असेल तर पांढऱ्या पावडरीत आधी एक करडा ठिपका दिसतो, तो हळूहळू पसरतो आणि त्याची खाली उतरणारी एक बारीक रेघ होते. रेघ जिथून सुरू होते ती जागा मार्करने खूण करून ठेवा. काहीच दिसलं नाही तर सोबत्याला टिलर (सुकाणू फिरवायचा हातातला दांडा) डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवायला सांगा, मग टिलर मध्ये धरून दोन्ही बाजूंना दाबायला सांगा. फिरवताना पाणी आलं तर सील. दाबल्यावर आलं तर जोड. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं काम यावरच ठरतं.

तरीही शंका राहिली तर होडी काठावर काढल्यावर नळीचं खालचं तोंड कापडाने आणि मातीने बंद करा, वरून खाण्याचा रंग घातलेलं पाणी भरा आणि आतून बघत बसा. रंगीत पाणी केसाएवढ्या भेगेतूनही दिसतं.

किती हलतं ते मोजा

होडी ट्रेलरवर किंवा ठोकळ्यांवर असताना टिलर बांधून टाका. सुकाणूच्या पात्याचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरा आणि आडवं हलवा. दुसऱ्या माणसाने खालच्या बुशाच्या फटीवर बोटाचं टोक ठेवायचं, अर्धं शाफ्टवर आणि अर्धं होडीच्या तळावर. डोळ्याला न दिसणारी ढिलाई बोटाला लगेच कळते. नंतर तोच माणूस आत जाऊन नळीच्या पायथ्याशी बोट ठेवेल. तिथेही हालचाल जाणवली तर जोड सुटलेला आहे, यात शंका ठेवू नका.

आकड्यांत सांगायचं तर, दोन बुशांमध्ये ६०० मिमी अंतर आहे, पातं खालच्या बुशाखाली ९०० मिमी लांब आहे आणि प्रत्येक बुशात अर्धा मिमी ढिलाई आहे असं धरा. तर पात्याच्या टोकाला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत २ मिमी हालचाल मिळेल. एवढी चालते. टोक बोटभर हलत असेल तर बुश गेलेत, आणि बुश बदलल्याशिवाय बाकी काहीही करणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

आपल्याकडे ही झीज इतक्या लवकर का होते, यावर मी बराच विचार केला आहे आणि मला दोन कारणं दिसतात. एक म्हणजे मोकळं सोडलेलं टिलर. होडी नांगरावर उभी असताना वारा आणि जवळून जाणाऱ्या मोटरबोटींच्या लाटा सुकाणू रात्रंदिवस हलवत राहतात. आपण आठवड्यातून एकदा होडी चालवतो, बुश मात्र सातही दिवस घासले जातात. दुसरं कारण धरणाचं. सप्टेंबरात तुडुंब दिसणारं पाणी उन्हाळ्याकडे उतरत जातं. शहराला पिण्यासाठी जातं, कालव्याला आवर्तन सुटलं की पातळी भरभर खाली येते. नोव्हेंबरात खोल पाण्यात नांगरलेली होडी मार्चमध्ये गाळावर टेकते. ज्या होड्यांचं सुकाणू कीलइतकंच (तळाखालच्या उभ्या फळीइतकंच) खोल असतं, किंवा ज्यांची कील वर उचलता येते, त्यांचा भार पात्याच्या टोकावर येतो. शाफ्ट वर ढकलला जातो, नळी तिरकी दाबली जाते आणि तळाचा जोड तडकतो. पुढे पावसाळ्यात पाणी चढतं, होडी तरंगते, भेग मिटल्यासारखी दिसते. ऑक्टोबरात गळती सुरू झाली की आपण सील बदलतो आणि मार्चमधला गाळ कोणाच्याच डोक्यात नसतो.

सुकाणू उतरवताना

शाफ्ट खालच्या दिशेनेच निघतो. म्हणजे होडीखाली शाफ्टच्या लांबीइतकी जागा हवी, आणि ट्रेलरवर ती मिळत नाही. काठावर पात्याच्या बरोबर खाली खड्डा खणणं हा सोपा उपाय. मात्र आधी होडीला ठोकळे कुठे आहेत ते बघा. ठोकळ्याच्या पायाजवळची माती काढू नका. वरचा नट किंवा कॉलर सैल करण्याआधी पात्याला दोरीचा फास घालून तो दोन्ही बाजूंनी डेकवरच्या क्लीटला (दोरी अडकवायच्या खुंटीला) बांधा. फायबरचं पातं हलकं वाटलं तरी आत स्टीलचा शाफ्ट आहे, आणि पाणी शिरलेलं पातं तर चांगलंच जड असतं. खाली हात घालून कोणी बसणार नाही याची काळजी घ्या.

शाफ्ट निघाला की चिंधीने पुसून उन्हात बघा. स्टेनलेस स्टीलला टिकायला ऑक्सिजन लागतो. सीलच्या खाली, बुशाच्या आत जिथे साचलेलं पाणी अडकून बसतं तिथेच त्याला बारीक खड्डे पडतात. होडी कधी मांडव्याला किंवा मुंबईला खाऱ्या पाण्यात नेली असेल तर हे हमखास बघा. नखाला लागणारी खाच सीलच्याच जागी असेल तर नवा सील तिथे धरणार नाही. खाच अगदी उथळ असेल तर लेथवर पॉलिश करून घ्या, नाहीतर सीलची जागा थोडी वर-खाली सरकवा. खोल खड्डे किंवा आडवी भेग दिसली तर तो शाफ्ट परत वापरू नका. भर पाण्यात शाफ्ट तुटण्यापुढे गळती काहीच नाही.

बुश कशाचे करावेत

नाशिककरांना इथे मोठी सोय आहे. बाहेरून सुटे भाग मागवायची वाट बघावी लागत नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत असा बुश ओळखीचा टर्नर बसल्या बसल्या करून देतो. फक्त माल आणि माप तुम्ही सांगायचं.

दुकानात पांढरा रॉड मागितला की बऱ्याचदा नायलॉन हातात येतो. नायलॉन नको. तो पाणी पितो, वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत, आणि फुगतो. काठावर मोकळं फिरणारं सुकाणू पाण्यात काही आठवडे राहिलं की जाम होतं, मग कोणीतरी बुश घासून मोठा करतो आणि ढिलाई परत येते. डेल्रिन मागा, म्हणजे अ‍ॅसिटल. ते जेमतेम एक टक्का पाणी घेतं, माप सोडत नाही आणि लेथवर छान कापलं जातं.

मापाच्या बाबतीत टर्नरशी नीट बोला. कारखान्याचं काम करणाऱ्याला घट्ट बसणारी वस्तू म्हणजे चांगलं काम, असं वाटतं.

“भाऊ, एकदम फिट बसवून देतो, जराही हलणार नाही,” असं तो म्हणेल.

त्याला सांगा, “बाहेरून फिट द्या, आतून ०.२ मिमी मोकळा ठेवा. ४० चा शाफ्ट आहे, पाण्यात हाताने फिरवायचा आहे.”

आणि शाफ्ट सोबत न्या. नुसतं माप कागदावर लिहून नेलेलं पुरत नाही, कारण जुना शाफ्ट बुशाच्या जागी झिजून कमी झालेला असतो. व्हर्निअर दोन-तीन ठिकाणी, आडवा-उभा लावून बघा. बुश नळीत गच्च ठोकून बसवू नका, भोक आकसतं. बसवल्यावर शाफ्ट घालून फिरवून बघा, टिलरशिवाय नुसत्या हाताने फिरायला हवा.

नळीचा जोड

पावडरीत रेघ जोडातून निघाली असेल तर वरून सीलंटची पट्टी मारून काही होणार नाही. जुनं सीलंट पूर्ण खरवडा. सिलिकॉन असेल तर जास्त मेहनत घ्या. त्याचा तेलकट अंश मागे राहतो आणि त्यावर नंतर काहीच धरत नाही. ग्राइंडरने रंग, जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा चकचकीत थर), सैल फायबर काढून घट्ट भागापर्यंत जा. भेगेच्या दोन्ही बाजूंना उतार द्या, जाडीच्या साधारण बारापट लांबीचा. मग वाळू द्या. ओल्या फायबरवर केलेलं काम आज चांगलं दिसतं आणि ऑक्टोबरात सुटतं.

इथे पॉलिस्टर रेझिन वापरू नका, जरी पाण्याच्या टाक्या करणाऱ्यांकडे तेच सहज मिळत असलं तरी. पॉलिस्टर ताज्या पॉलिस्टरला चांगलं धरतं. जुन्या, कडक झालेल्या फायबरवर त्याची पकड कमजोर राहते. इपॉक्सी घ्या. आधी पातळ हात, मग भराव मिसळून घट्ट केलेल्या इपॉक्सीने नळी आणि तळाच्या कोपऱ्यात गोलाई भरा, आणि ती मऊ असतानाच तिरक्या विणीच्या ग्लासक्लॉथचे एकापेक्षा एक मोठे थर नळीवर चढवून तळावर पसरवा. कोपरा काटकोनात सोडला तर कापड तिथे उचललं जातं, आत हवा राहते आणि भेग पुन्हा तिथूनच सुरू होते. थर वाळल्यावर वर मेणचट पापुद्रा आला तर पुढच्या थराआधी तो पाण्याने आणि स्क्रबरने धुऊन काढा. अ‍ॅसिटोन फिरवल्याने तो नीट जात नाही.

हे काम एप्रिल-मेमध्ये करा. हवा कोरडी असते, पाणी उतरल्यामुळे होडी तशीही बाहेर असते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा रात्री दहाच्या खाली जातो आणि इपॉक्सी अर्धं कच्चं राहतं. मेच्या दुपारी उलट होतं, डब्यातच गरम होऊन गोठतं. म्हणून सकाळी लवकर, थोडं थोडं कालवून करा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: हे पाणी शहर पितं. ग्राइंडरची धूळ ताडपत्रीवर झेला, अ‍ॅसिटोनच्या चिंध्या आणि उरलेलं रेझिन घरी घेऊन या. काठावर काही सोडू नका.

ग्लँड आणि सील

ज्यांच्या मळ्यात मोनोब्लॉक पंप आहे त्यांना ग्लँड डोरी शिकवायला नको. पण पंपाची एक सवय इथे विसरावी लागते. पंपाचा शाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो, त्याला थंड ठेवायला ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी सोडावं लागतं. सुकाणू पूर्ण एक फेराही घेत नाही. त्यामुळे त्याची ग्लँड ग्रीस लावून पूर्ण कोरडी घट्ट करता येते, थेंबही पडू द्यायचा नाही. मात्र नट इतकाही आवळू नका की टिलर जड होईल.

डोरीचं माप काढायला ग्लँडच्या आतल्या व्यासातून शाफ्टचा व्यास वजा करून दोनाने भागा. ५६ मधून ४० गेले, १६, म्हणजे ८ मिमीची डोरी. एकच लांब तुकडा वेटोळं करून भरू नका. प्रत्येक कडं शाफ्टवर गुंडाळून वेगळं कापा, तोंडं तिरकी ठेवा आणि प्रत्येक जोड आधीच्या जोडापासून फिरवून बसवा, नाहीतर पाणी जिन्यासारखं वर चढत येतं. काळी ग्रॅफाइटची डोरी स्टेनलेस शाफ्टला लावू नका, तिच्यामुळे शाफ्टला गंज लागतो. पांढरी टेफ्लॉनची घ्या.

सील असेल तर गाडीचा साधा ऑइल सील मापाला बसतो, पण त्याच्या आतली स्प्रिंग साध्या स्टीलची असते आणि गंजून तुटते. स्टेनलेस स्प्रिंगचा मागा. ओठ पाण्याच्या बाजूला हवा.

पात्यातून ठिबकणारं पाणी

होडी काढून चार दिवस झाले तरी पात्याच्या खालच्या कडेतून थेंब पडत असतील तर ते वेगळं दुखणं आहे. पातं म्हणजे दोन फायबरची कवचं, मध्ये फोम, आणि शाफ्टला वेल्ड केलेल्या पट्ट्या. शाफ्ट पात्यात शिरतो तिथली फट सुटली की पाणी आत जातं. याने होडीत पाणी येत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. तळाला ६ मिमीचं भोक पाडून निचरा होऊ द्या. पाणी स्वच्छ असेल तर वाळवून भोक आणि वरची फट इपॉक्सीने बंद करा. तांबूस, गंजाच्या वासाचं पाणी आलं तर आतल्या पट्ट्या खाल्ल्या जात आहेत. तेव्हा पातं उघडून बघावंच लागेल.

ज्यांचं सुकाणू मागच्या फळीवर बिजागऱ्यांनी टांगलेलं आहे त्यांचं काम सोपं. तिथे पाणी येतं ते बिजागरीच्या बोल्टांतून. बोल्ट काढा, आतलं प्लायवूड ओलं आहे का ते स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा, भोकं मोठी करून इपॉक्सीने भरा, वाळल्यावर परत मापाने पाडा, पॉलिसल्फाइड सीलंट लावून आतून रुंद पट्टी देऊन आवळा.

आणि मध्येच पाण्यात असताना गळती वाढली तर? सगळ्यांना पुढे पाठवा, जड सामान पुढे न्या. होडी मागून उचलली जाते, नळीचं तोंड पाण्याच्या वर येतं किंवा निदान दाब कमी होतो, आणि काठ गाठायला वेळ मिळतो. लॉकरमध्ये ग्रीस फासलेली चिंधी आणि फ्लोट स्विचचा, म्हणजे पाणी साचलं की आपोआप सुरू होणारा, बिल्ज पंप (तळातलं पाणी उपसणारा) असू द्या. लाइफ जॅकेट अंगात असायलाच हवं, हे वेगळं सांगत नाही.

काम झाल्यावर होडी उतरवली की लगेच घरी जाऊ नका. पावडर पुन्हा मारा, टिलर फिरवा, दाबा, तासभर बसा. नांगरावर सोडताना टिलर दोन्ही बाजूंनी दोरीने ताणून मध्ये बांधा. आणि फेब्रुवारीपासून दर फेरीला होडीखाली किती पाणी उरलंय ते गाठी मारलेल्या, वजन बांधलेल्या दोरीने मोजा. सुकाणूच्या टोकाखाली हातभर पाणी राहिलं की नांगर उचलून खोल पाण्यात न्या, किंवा होडी सरळ बाहेर काढा.